फेक आणि झेल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला आहार, बचत, बालसंगोपन असे विषय घेण्याचा प्रघात आहे, आणि तो चांगलाच आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी 'सॉफ्टबॉल' असे सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पण बाई, तो खेळ मुलींचा. आम्ही बायकांनी ऐकून काय करायचे?" प्रश्न रास्त आहे. मी शाळेत मुलींना हा खेळ शिकवते. शहापूर आणि मुरबाड ह्या दोन्ही तालुक्यांतल्या मुली माझ्या हाताखालून गेल्या आहेत. माझा अनुभव असा की, मुलगी मैदानावर तासभर काय शिकते ह्यापेक्षा संध्याकाळी घरी तिच्यासमोर चेंडू झेलायला कोणी बसते की नाही, ह्यावर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून हा विषय मुलींसमोर न मांडता आपल्यासमोर मांडते आहे.

आधी खेळाची थोडी ओळख करून देते. सॉफ्टबॉल म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलचे धाकटे भावंड. त्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. १८८७ सालच्या नोव्हेंबरात शिकागो शहरातील एका नौका-क्लबाच्या दिवाणखान्यात काही मंडळी दूरच्या एका फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसली होती. निकाल आला, तसा आनंदाच्या भरात एकाने मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याच्या अंगावर फेकला आणि दुसऱ्याने तो झाडूच्या दांड्याने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने तोच मोजा नाडीने घट्ट बांधून त्याचा चेंडू केला, जमिनीवर खडूने रेघा मारल्या, आणि खेळ सुरू झाला. बाहेर थंडी असताना घरात खेळता यावा म्हणून निघालेला हा खेळ. ही गोष्ट मी मुलींना पहिल्या दिवशीच सांगते, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस मैदानाचे शेत करून टाकतो आणि "बाई, मैदानात चिखल आहे" हे पालुपद सुरू होते. ज्या खेळाचा जन्मच छपराखाली झाला त्याचा निम्मा सराव पडवीत खुशाल करता येतो.

'सॉफ्टबॉल' हे नाव त्याला पुढे १९२६ साली सुचवले गेले. नाव 'सॉफ्ट' असले तरी चेंडू मऊ नाही हो! क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा आणि थोडा जडच असतो. घेर १२ इंच, म्हणजे चांगल्या भरलेल्या डाळिंबाएवढा, आणि रंग हळदीसारखा पिवळा. लहान मुलींना ११ इंची चेंडू देतात. आपल्या देशात ह्या खेळाची अखिल भारतीय संघटना १९६१ साली स्थापन झाली. जोधपूरच्या दशरथमल मेहता यांनी त्यात पुढाकार घेतला. महाराष्ट्रात जळगाव, अमरावती अशा ठिकाणी तो पुष्कळ वर्षे रुजलेला आहे. शासनाच्या शालेय क्रीडास्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलींचे सॉफ्टबॉलचे सामने होतात, आणि त्याच वाटेने आपल्या मुली तालुक्याबाहेर पडतात.

एका बाजूला नऊ खेळाडू. मैदानाच्या मध्यावर उभी राहून चेंडू टाकणारी ती पिचर. तिच्यापासून ४३ फुटांवर बॅट घेऊन दुसऱ्या बाजूची मुलगी. आणि त्या मुलीच्या पाठीमागे उकिडवी बसलेली ती कॅचर. चेंडू टप्पा न घेता थेट यावा लागतो, बॅट घेतलेल्या मुलीच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यात आणि १७ इंच रुंदीच्या पाटावरून. चांगले तीन चेंडू हुकले की ती बाद. वाईट चार चेंडू पडले की तिला पहिला बेस फुकट. बाकीचे नियम पाहता पाहता समजतात, ते सोडून देते. आज मला बोलायचे आहे ते फक्त फेकीविषयी आणि झेलीविषयी.

आपल्याकडे एक शब्दप्रयोग आहे, "मुलीसारखा काय फेकतोस!" मुलाने चेंडू वेडावाकडा फेकला की त्याला असे हिणवतात. मला हा शब्दप्रयोग ऐकला की चीड येते, आणि चिडीपेक्षाही अधिक म्हणजे तो चुकीचा आहे. आज घरी गेल्यावर एक प्रयोग करून पाहा. जो मुलगा उजव्या हाताने झकास फेकतो त्याला डाव्या हाताने फेकायला सांगा. तो समोरासमोर उभा राहील, कोपर अंगाशी धरील, ज्या हाताने फेकायचे त्याच बाजूचा पाय पुढे टाकील आणि चेंडू चार पावलांवर टाकील. हुबेहूब 'मुलीसारखा'! म्हणजे ती फेक मुलीची नव्हे, न शिकलेल्या हाताची. मुलगा पाचव्या वर्षापासून आंब्यावर आणि चिंचेवर दगड मारीत हिंडतो. त्याला कोणी शिकवत नाही, पण कोणी अडवतही नाही. मुलीला आपण अडवतो.

ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलामुलींच्या फेकीचा अभ्यास करून अमेरिकन संशोधकांनी तो २०१० साली प्रसिद्ध केला. त्या समाजात बायकांनीही फेक शिकण्याची जुनी रीत आहे. त्यांना असे आढळले की मुलांची फेक मुलींहून जोरदार होतीच, पण अमेरिकेतील मुलामुलींत जेवढे अंतर पडते त्यापेक्षा इथले अंतर पुष्कळच कमी होते. सगळा फरक शिकवण्याचा आहे असे मी म्हणत नाही. मात्र आपण जो निसर्गाच्या माथी मारतो, त्यातला बराचसा अंगणातला आहे.

आता पिचरची फेक. ती खांद्यावरून नसते, खालून असते. हात पूर्ण गोल फिरवून चेंडू मांडीजवळ सोडायचा. माळशेज घाट चढून पलीकडे गेले की ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभ्या राहून गोफण फिरवणाऱ्या बायका आपल्यापैकी कित्येकींनी पाहिल्या असतील. तीच जात. गोफणीची दोरी नेमक्या क्षणी सुटावी लागते, इथेही तसेच. चेंडू लवकर सुटला तर समोरच्या मातीत आपटतो, उशिरा सुटला तर कॅचरच्या डोक्यावरून जातो. नवी मुलगी पहिल्या दिवशीच हात गरगरा फिरवायला बघते, कारण तेच दिसायला छान दिसते. मी फिरवू देत नाही. पहिले आठ-दहा दिवस फक्त मनगट. समोरची जोडीदारीण दहा फुटांवर. हात मांडीला लागून सरळ खाली, आणि केवळ मनगटाच्या झटक्याने चेंडू तिच्या हातात गेला पाहिजे. मुली कंटाळतात, कुरकुरतात. पण फेकीचा सगळा वेग आणि नेम शेवटी त्या मनगटातून निघतो. मनगट बसले की हात मागे खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचा आणि तिथून आणायचा. तेही बसले की मग पूर्ण फेरा. आणि सर्वांत शेवटी डावा पाय पुढे टाकणे. पाय वाकडा पडला की चेंडू वाकडा जातो. त्यासाठी सारवलेल्या अंगणात पिचरच्या पायापासून समोरच्या पाटापर्यंत रांगोळीची एक सरळ रेघ ओढावी आणि पाऊल त्या रेघेवर पडते का ते पाहावे. ही रेघ कोणतीही आई ओढू शकते, आणि पाऊल चुकले तर तिला ते माझ्याइतकेच दिसते.

एक सावधगिरीची गोष्ट. हात खालून फिरतो म्हणून खांद्याला त्रास होणार नाही असे समजू नये. वाढत्या वयाची मुलगी रोजच्या रोज शंभर-शंभर चेंडू टाकू लागली तर तिचा खांदा आणि कोपर दुखणारच. एक दिवसाआड पुरे. दुखते म्हणाली की थांबवावे. "खेळाडूला दुखायचेच" असले शौर्य मला पसंत नाही.

झेलीची गोष्ट वेगळी आहे. फेक ही सवयीची बाब, झेल ही भीतीची. चेंडू अंगावर आला की मुलगी काय करते? डोळे मिटते, तोंड फिरवते आणि हात ताठ पुढे करते. ताठ हातावर चेंडू आपटतो आणि उडतो, बोटाला लागते, आणि दुसऱ्या दिवशी ती पोट दुखते म्हणून सांगते. म्हणून मी पहिला महिना खरा चेंडू देतच नाही. चिंध्यांचा चेंडू, तोही पाच-सहा फुटांवरून. तोंडावर लागला तरी हसू येईल असा. चेंडू कमरेच्या वर आला तर बोटे आकाशाकडे आणि दोन्ही अंगठे जवळ. कमरेच्या खाली आला तर बोटे जमिनीकडे आणि करंगळ्या जवळ. डोळ्यांनी चेंडू थेट हातात शिरेपर्यंत पाहायचा. आणि हात लागताच तो किंचित आपल्या अंगाकडे ओढून घ्यायचा.

हे शेवटचे ओढून घेणे समजावून सांगणे फार कठीण. पण माझ्या वर्गात कातकरी मुली येतात, त्यांना ते सांगावे लागले नाही. त्यांनी ते वीटभट्टीवर पाहिलेले असते, कित्येकींनी केलेले असते. ओळीने उभे राहून दोन-दोन विटा हातातून हातात फेकतात, तेव्हा जो हात मागे घेत नाही त्याची बोटे ठेचतात. माझ्याकडच्या उत्तम झेल घेणाऱ्या मुली तिथून आलेल्या आहेत. आणि दिवाळी झाली की त्यांची बिऱ्हाडे भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडी परततात. मुलगी आश्रमशाळेत राहिली तर खेळ टिकतो. बिऱ्हाडाबरोबर गेली तर खेळ जातो आणि बहुतेक वेळा शाळाही जाते. त्यांच्या आया आज ह्या सभेत नाहीत, हे मला दिसते आहे. पुढच्या वर्षी त्यांना बोलवायचे तर वर्धापनदिन दिवाळीच्या आधी धरावा लागेल, एवढे चालकांच्या कानावर घालते.

कॅचरचे काम सर्वांत अवघड, आणि गंमत अशी की आपल्या मुलींना ते सर्वांत सोपे जाते. कारण सारा वेळ उकिडवे बसायचे असते. शहरातल्या मुलींना ते जमत नाही. दहा मिनिटांत त्यांचे गुडघे बोलू लागतात. आपल्या मुली चुलीपुढे, भांड्यांपुढे, मोरीत तशाच बसत आलेल्या. कॅचर मोकळा हात पाठीमागे लपवते, नाहीतर बॅटीला निसटता लागलेला चेंडू बोटांवर येतो. तिच्या तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीला आणि नडग्यांना कवच. सर्व खेळाडू तिच्याकडे तोंड करून, आणि ती एकटी साऱ्या मैदानाकडे तोंड करून. पिचरने कुठला चेंडू टाकावा हेही बहुधा तीच बोटांच्या खुणांनी सुचवते. टाळ्या पिचरला मिळतात. पण कॅचर चेंडू अडवील असा भरवसा नसेल तर पिचर हात सैल सोडून टाकूच शकत नाही. झेलणारी घट्ट, तर फेकणारी धीट.

आणि घरचा प्रश्न नेमका हाच आहे. पिचरचा सराव एकटीने होत नाही. भिंतीवर फेकता येते, पण भिंत "वर गेला", "रेघ सोडलीस" असे सांगत नाही. समोर कोणी बसायला हवे.

माझ्याकडे एक मुलगी होती, आठवीत. नाव सांगत नाही. मनगट असे की पाहत राहावे. पण पाच वाजले की ती निघायची, कारण पाण्याची वेळ. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणे आपल्या शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात ते आपलेच पाडे. हे आपल्याला ठाऊकच आहे. खेळायची वेळ आणि हंड्याची वेळ एकच, आणि हंडा नेहमी मुलीच्या डोक्यावर. तिचा भाऊ त्याच वेळी क्रिकेट खेळत असतो. मी तिच्या आईकडे गेले. आई म्हणाली, "बाई, हंडा कोण भरील?" ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर शेजारणीने दिले. ती म्हणाली, "मंगळवार-शुक्रवार मी भरते, तुझ्या म्हशीचे दूध मी रतीबाला लावलेय तेच लवकर काढून दे." झाला सौदा. मग आई समोर बसू लागली. हाताने झेलायला तिला भीती वाटे, म्हणून तिने एक जुने, फाटके सूप पुढे धरले. चिंध्यांचा चेंडू सुपात पडला की आवाज होई, आणि मुलगी नेम धरून सुपाच्या मध्यावरच टाकी. गणपती येईस्तोवर सूप गेले आणि हात पुढे आले. त्या मुलीने पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेत पिचिंग केले. ती हरली की जिंकली हे विचारू नका, हरली. पण एकाही चेंडूला तिचा पाय रेघेबाहेर पडला नाही.

आता आपल्या शंका. त्या मला तोंडपाठ आहेत.

"तोंडाला लागले, दात पडला, तर उद्या लग्नात काय सांगायचे?" लागू शकते, खोटे बोलत नाही. म्हणूनच बॅट घेणारीला हेल्मेट आणि कॅचरला मुखवटा ह्यांवाचून मी खरा चेंडू बाहेर काढत नाही, आणि मी सांगितल्याशिवाय कोणीही बॅट फिरवायची नाही. ज्या शाळेत मुखवट्याशिवाय मुलीला कॅचर बसवतात तिथून मुलगी खुशाल उठवून आणा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. चेंडू घरी शिवता येतो, मुखवटा घरी शिवता येत नाही. त्याला पैसे लागतात आणि ते शाळेकडून, ग्रामपंचायतीकडून मागावेच लागतात. मंडळाने तो अर्ज लिहिला तर शिक्षिकेच्या एकटीच्या अर्जापेक्षा तो जड पडेल.

"अर्धी चड्डी घालून मुलगी मैदानात?" ह्या खेळात जमिनीवर घसरून बेस गाठावा लागतो, त्यामुळे लांब विजारच सोयीची. हा वाद इथे उभाच राहत नाही.

"ती आता मोठी झाली." म्हणजे काय ते आपण सगळ्या जाणतो. त्या चार दिवसांत बरे वाटत नसेल तर बसावे, वाटत असेल तर खेळावे. डॉक्टरीणबाईही हेच सांगतील. पण 'मोठी झाली' म्हणून कायमची बसवली तर, ज्या वयात हात खरा तयार होतो त्याच वयात तो थांबतो. सातवीपर्यंत माझ्याकडे मुलींची रांग असते. नववीत संघ पुरा करायला मला घरोघर हिंडावे लागते.

"उपयोग काय?" राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुणही मिळतात. पण त्यासाठी ठरावीक पातळीपर्यंत खेळावे लागते, आणि तिथवर थोड्याच पोचतात. केवळ प्रमाणपत्रासाठी मुलीला पाठवू नका. खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणेही आपल्या राज्यात उघडकीस आली आहेत; त्या वाटेला तर मुळीच जाऊ नका. मला दिसणारा उपयोग लहानसा आहे. जिने तोंडावर येणाऱ्या चेंडूकडे डोळे उघडे ठेवून पाहायला शिकले, ती मुलगी वर्गात मान वर करून बोलते. सगळ्याच नाही, पण पुष्कळ.

आणि वयाविषयी. जपानची युकिको उएनो ही पिचर २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये खेळली. दोन दिवसांत तीन सामने, ४१३ चेंडू, आणि शेवटी अमेरिकेला हरवून सुवर्णपदक. (आपल्या मुलींनी हा कित्ता गिरवायचा नाही, एक दिवसाआडचे मघाशी सांगितलेच आहे!) त्यानंतर हा खेळच ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आला. १३ वर्षांनी, २०२१ साली टोकियोला तो परत घेतला, तेव्हा उएनो ३९ वर्षांची होती. अंतिम सामना पुन्हा अमेरिकेशी. तिनेच सुरुवात केली, मध्ये दुसरीने सांभाळले, आणि शेवटचे चेंडू टाकायला पुन्हा तीच उभी राहिली. जपान २–० ने जिंकले. आता २०२८ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पुन्हा आहे.

"आम्हाला ह्या वयात चेंडू झेलायला जमेल का?" असे कोणी विचारील म्हणून जपानपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या मुरबाड तालुक्यातच फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर गुरुजींनी आजीबाईंची शाळा काढली. साठीच्या पुढच्या, कोणी ऐंशी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडे नेसून, पाठीला दप्तर लावून पाटी गिरवायला बसल्या. त्यांच्या मानाने आपण तिशी-चाळिशीच्या बायका अंगणात पाच फुटांवरून चिंध्यांचा चेंडू झेलू शकणार नाही, हे मला पटत नाही.

तेव्हा पुढच्या शनिवारी दुपारी ह्याच ओट्यावर चेंडू शिवायला बसू या. चिंध्या घट्ट गुंडाळून वरून सुतळीचे वेढे घ्यायचे आणि शिवणाच्या टेपने १२ इंच घेर भरला की कापडाची खोळ शिवायची. लहान मुलगी असेल तर ११ इंच. येताना जुने सुती लुगडे किंवा धोतर आणा. नायलॉनचे नको, ते हातातून निसटते. सुई जाड आणा, आणि ज्यांच्या घरी फाटके सूप असेल त्यांनी तेही टाकून न देता बरोबर घ्यावे.